‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचे?

महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. शेती, नोकरी, व्यापार, मजुरी, गृहिणी, निवृत्त ही उत्तरे आम्ही इतकी वर्षे वाचत आलो आहोत, की तिथे असा रकाना आहे याचेही भान राहिले नव्हते. काही वर्षांपूर्वी प्रवेश समितीच्या टेबलाशी बसलो असताना एका मुलीचा अर्ज आमच्यापुढे आला. वडिलांच्या नावाची जागा रिकामी, आईचे नाव भरलेले आणि आईच्या व्यवसायापुढे एक आडवी रेघ. शेजारी बसलेले लिपिक सवयीने म्हणाले, “रेघ चालत नाही. घरकाम लिही.” मुलगी म्हणाली, “आई घरकाम करत नाही, सर.” आणि क्षणभर थांबून, आवाज न चढवता वा न उतरवता, आई काय करते ते तिने सांगितले. तिच्याजवळ तहसीलदार कार्यालयातून आणलेला उत्पन्नाचा दाखला होता; फी-सवलतीसाठी तो लागतोच. दाखल्यावर वार्षिक उत्पन्नाचा आकडा होता. तो आकडा कोणत्या कामातून आला, हे मात्र त्यावर कुठे नव्हते. लिपिकांनी तिच्या हातातले पेन घेऊन रेघेवर ‘घरकाम’ असे लिहिले आणि ‘तपासले’ या शब्दाखाली आम्ही सही केली.

प्रस्तुत लेख त्या मुलीविषयी नाही. ती शिकून पुढे गेली, आणि तिच्याविषयी याहून अधिक सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण त्या सहीने आमच्या मनात एक प्रश्न सोडला तो सोडलाच: एखाद्या कामातून आलेला पैसा शासनाच्या कागदावर मोजता येतो, आणि त्या कामाचे नाव मात्र त्याच कागदावर लिहिता येत नाही, हे नेमके काय आहे? देहविक्रयाचा, किंवा हल्लीच्या गुळगुळीत भाषेत ‘एस्कॉर्ट सर्व्हिस’चा, लहानसा व्यवसाय एखाद्या बाईने रीतसर नोंदवायचा आणि त्याचा कर इमानेइतबारे भरायचा असे ठरवले, तर तिचे काय होते? प्रश्न वकिलांचा आणि लेखापालांचा वाटेल. आमच्या मते तो तितकाच भाषेचा, म्हणून आपलाही आहे. कारण या सगळ्या प्रकरणात पैशाचे भांडण फारसे नाहीच. भांडण आहे ते नावाचे.

हा प्रयोग एका बाईने प्रत्यक्ष करून पाहिलेला आहे. लिंडी सेंट क्लेअर ही लंडनमध्ये हा व्यवसाय उघडपणे करणारी आणि पुढे त्यासाठी सार्वजनिक जीवनात प्रसिद्ध झालेली बाई. इंग्लंडात स्वतःपुरता असा व्यवसाय करणे हा गुन्हा नव्हता आणि नाही. रस्त्यावर गिऱ्हाईक शोधणे, कुंटणखाना चालवणे अशा त्याभोवतीच्या गोष्टी गुन्हा आहेत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या आयकर खात्याच्या धोरण विभागाने तिच्या लेखापालांना पत्राने कळवले, की खात्याच्या मते वेश्याव्यवसाय हा एक व्यापार आहे. व्यापार म्हटला की नफा आला आणि नफा म्हटला की कर आला. तेव्हा कोणताही जाणता लेखापाल आपल्या अशिलाला जो सल्ला देईल तोच तिला मिळाला: व्यापार आहे ना, मग कंपनी स्थापन करा.

ती कंपनी निबंधकाच्या कार्यालयात गेली. तिने सुचवलेले पहिले नाव होते ‘प्रॉस्टिट्यूट्स लिमिटेड’. ते नाकारले गेले. मग ‘हुकर्स लिमिटेड’. तेही नाकारले गेले. मग ‘लिंडी सेंट क्लेअर फ्रेंच लेसन्स लिमिटेड’. ‘फ्रेंचची शिकवणी’ या शब्दांना लंडनच्या बोलीत कोणता अर्थ आहे हे निबंधकालाही ठाऊक असणार. तेही नाव परत आले. अखेर ‘लिंडी सेंट क्लेअर (पर्सनल सर्व्हिसेस) लिमिटेड’ हे नाव मान्य झाले आणि डिसेंबर १९७९मध्ये कंपनीची नोंद झाली. आपल्या परिभाषेत सांगायचे, तर अभिधा नाकारली गेली, रूढ बाजारी शब्द नाकारला गेला, व्यंजनाही नाकारली गेली. आणि जिच्यातून कोणताच निश्चित अर्थ निघत नाही अशी शब्दयोजना तेवढी स्वीकारली गेली. गंमत अशी, की कंपनीच्या उद्देशपत्रात पहिला उद्देश ‘वेश्याव्यवसाय करणे’ हा स्वच्छ शब्दांत लिहिलेला होता. म्हणजे कार्यालयाचा आक्षेप गोष्टीला नव्हता. दारावरच्या पाटीला होता.

गोष्टीला आक्षेप घेतला तो सरकारने. इंग्लंडचा महान्यायवादी न्यायालयात गेला. नोंदणीचा दाखला हा एरवी निर्णायक पुरावा मानला जातो, पण तो राजसत्तेला बांधत नाही. आणि ज्या कंपनीचा उद्देशच अनैतिक कराराचा आहे ती कायदेशीर उद्देशाने स्थापन झाली असे म्हणता येत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. १९८० साली न्यायालयाने तो मान्य केला आणि नोंदणी रद्द झाली. कंपनी गेली, कर मात्र राहिला. आयकर खात्याने मागणी सुरूच ठेवली. सरकारच आता अनैतिक कमाईवर जगू पाहते आहे, असा तिचा जाहीर सवाल होता. १९९० साली अपील न्यायालयाने निर्णय दिला, की वेश्याव्यवसाय हा व्यापारच आहे आणि त्याचा नफा करपात्र आहे.

दहा वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. एका निर्णयाप्रमाणे तो इतका अनैतिक, की त्याची कंपनी होऊ शकत नाही. दुसऱ्याप्रमाणे तो इतका सर्वसामान्य, की किराणा दुकानाच्या नफ्यात आणि त्याच्या नफ्यात फरक करण्याचे कारण नाही. दोन्ही निर्णय एकाच राज्याच्या न्यायालयांचे, एकाच बाईविषयी.

येथे कायद्याचा अभ्यासक आम्हाला थांबवील. तो म्हणेल, तुम्ही साहित्याचे लोक विसंगती दिसली की खूश होता; यात विसंगती मुळीच नाही. कर म्हणजे मान्यता नव्हे. चोरालाही कर लागतो. हे म्हणणे खरे आहे आणि आपल्याकडेही तसेच आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली पियारा सिंग खटल्यात तस्करीलाही कराच्या दृष्टीने व्यवसाय मानले आणि तस्कराच्या जप्त झालेल्या नोटा त्याचा व्यावसायिक तोटा म्हणून वजा करायला परवानगी दिली. आयकराला कमाईचे चारित्र्य दिसत नाही, केवळ आकडा दिसतो. मात्र ही उदारता फार काळ टिकली नाही. १९९८ साली १९६१च्या आयकर कायद्यात एक स्पष्टीकरण पूर्वलक्षी प्रभावाने घालण्यात आले, की गुन्हा ठरणाऱ्या किंवा कायद्याने मनाई असलेल्या कामासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा होणार नाही. म्हणजे जमेची बाजू चारित्र्य न बघता मोजायची आणि खर्चाची बाजू चारित्र्य बघून. हिशेबाच्या वहीत नीतिशास्त्र एकाच पानावर प्रवेश करते, आणि ते पान नेहमी उजवीकडचे असते.

हे तस्कराच्या बाबतीत ठीकच आहे. पण एकटीने हा व्यवसाय करणारी सज्ञान बाई तस्कर नाही, भारतातही नाही. आपल्याकडे १९५६च्या कायद्याविषयी एक सार्वत्रिक गैरसमज आहे, की वेश्याव्यवसाय हाच गुन्हा आहे. तसे नाही. ‘स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापारास प्रतिबंध’ अशा अर्थाचे लांबलचक नाव धारण करून आलेल्या आणि १९८६च्या दुरुस्तीनंतर ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम’ झालेल्या या कायद्यात, सज्ञान बाईने खाजगीत, स्वतःच्या इच्छेने असा व्यवहार करणे एवढीच गोष्ट गुन्हा म्हणून सांगितलेली नाही. गुन्हा आहे कुंटणखाना चालवणे, दुसऱ्या व्यक्तीला या व्यवसायात आणणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे. आणि कुंटणखान्याची व्याख्या अशी, की दुसऱ्याच्या फायद्यासाठी किंवा दोन अथवा अधिक वेश्यांच्या परस्पर फायद्यासाठी वापरली जाणारी कोणतीही खोली. म्हणजे एकटी बाई कायद्याच्या आत आणि दोघी मैत्रिणींनी भाडे वाटून घेतले की कायद्याच्या बाहेर. कुठलाही लहान व्यवसाय ज्या पहिल्या पायरीने मोठा होतो, म्हणजे दुसऱ्या माणसाची सोबत, ती पायरीच येथे गुन्हा आहे. त्यामुळे ‘एस्कॉर्ट एजन्सी’ ही गोष्ट त्या नावाने भारतात नोंदवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जाहिराती होतात, संकेतस्थळे निघतात, जून २०१६मध्ये केंद्र सरकारने अशी २४० संकेतस्थळे एका आदेशाने बंद करायला सांगितली होती. पण नोंदवहीत हा शब्द नाही.

याच कायद्याचे चौथे कलम आम्ही त्या प्रवेशानंतर पहिल्यांदा नीट वाचले, आणि ते वाचून दचकलो. दुसऱ्या व्यक्तीच्या वेश्याव्यवसायाच्या कमाईवर पूर्णतः किंवा अंशतः जाणूनबुजून जगणाऱ्या अठरा वर्षांवरील कोणत्याही व्यक्तीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम दलालांसाठी लिहिले असणार हे उघड आहे. परंतु त्याचा शब्दार्थ दलालापाशी थांबत नाही. तो म्हाताऱ्या आईपर्यंत जातो आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीपर्यंतही जातो. आमच्यासमोर उभी असलेली मुलगी त्या वर्षी अठरा पूर्ण करणार होती. तिच्या आईच्या व्यवसायाचे खरे नाव आम्ही त्या रकान्यात लिहिले असते, तर आईच्या उत्पन्नावर शिकत असल्याची लेखी कबुली, तीही दाखल्यावरच्या आकड्यासह, आमच्याच सहीने तयार झाली असती. लिपिकांचे ‘घरकाम’ आम्हाला त्या दिवशी भित्रेपणाचे वाटले होते. त्यात काही शहाणपणही होते, हे आता मान्य करायला हवे.

म्हणूनच ‘नाव लिहा, नोंद करा, सगळे ठीक होईल’ असे आम्ही म्हणणार नाही. नोंदणीचा इतिहास फार आश्वासक नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या दुसऱ्या अधिकरणात गणिकाध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना ती ठाऊक असतील, पण लेखापालाच्या नजरेने ती पुन्हा वाचण्यासारखी आहेत. गणिकेचा भोग, तिला मिळालेले दान, तिची आय, तिचा व्यय आणि पुढे अपेक्षित असलेले उत्पन्न या सगळ्याची अध्यक्षाने नोंद ठेवायची. राजाश्रयाबाहेरच्या रूपाजीवांनी महिन्याला दोन दिवसांच्या कमाईइतकी रक्कम राजकोशात भरायची. त्यांना गायन, वादन, लेखन इत्यादी कला शिकवणाऱ्या आचार्यांची उपजीविका राजाने चालवायची. तिच्यावर बळजोरी करणाऱ्याला दंड. नोंदणी आणि करवसुली एकाच अधिकाऱ्याकडे असल्यामुळे लंडनसारखा पेच तिथे उद्भवत नाही. पण या सुबक व्यवस्थेचे दुसरे टोकही त्याच प्रकरणात आहे: गणिकेला सुटायचे असेल तर निष्क्रय चोवीस हजार पण. जिचा सगळा हिशेब ठेवला जातो ती नागरिक असतेच असे नाही. ती राज्याची मालमत्ताही असू शकते.

इंग्रजांनी १८६८ साली संसर्गजन्य रोगांचा कायदा केला, आणि १८७०पासून तो मुंबईतही काही काळ लागू होता. त्यातही नोंदणीच होती. नाव नोंदवायचे, तिकीट घ्यायचे आणि ठरल्या दिवशी शरीराची तपासणी करून घ्यायची. हेतू बायकांचे आरोग्य हा नव्हता. गोऱ्या शिपायांचे आरोग्य हा होता. १८८८ साली हा कायदा रद्द झाला. नोंदवहीत नाव गेल्यामुळे त्या बायकांना काय मिळाले असे विचारले, तर एका तारखेची धास्ती, एवढेच उत्तर येते.

तेव्हा दोन टोके दिसतात. नाव न लिहिता पैसा घेणे हे एक टोक. ते शासनाने घेतले तरी त्याची जात हप्त्याची आहे. नाव लिहून माणसाला ताब्यात घेणे हे दुसरे टोक. प्रश्न असा, की या दोहोंच्या मध्ये जागा आहे का? काही देशांनी ती शोधण्याचा प्रयत्न केला आहे आणि त्यातले तपशील बोलके आहेत.

न्यूझीलंडने २००३ साली कायदा करून हा व्यवसाय गुन्हेगारीच्या कक्षेतून बाहेर काढला. दुसऱ्यांना कामाला ठेवून व्यवसाय चालवणाऱ्याला तिथे प्रमाणपत्र घ्यावे लागते. पण चारपर्यंत व्यक्ती एकत्र काम करत असतील आणि प्रत्येकीच्या कमाईवर तिचे स्वतःचेच नियंत्रण असेल, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आपल्याकडे दोघींचा कुंटणखाना होतो. तिथे चौघींचा लहान व्यवसाय होतो. शिवाय अशा सेवेचा करार केवळ सार्वजनिक नीतीच्या कारणावरून रद्दबातल ठरणार नाही, असे त्या कायद्याने स्पष्ट म्हटले. म्हणजे १९८० साली लंडनमध्ये ज्या तत्त्वावर नोंदणी रद्द झाली, नेमके तेच तत्त्व मोडीत काढले. करार झाला तरी ऐनवेळी नाही म्हणण्याचा हक्क बाईकडे राहतो, हेही त्यातच लिहिले. कर भरणारी बाई तिथे इतर कोणत्याही स्वतंत्र व्यावसायिकासारखी कर भरते आणि त्याच्या बदल्यात तिला न्यायालयाचे दार मोकळे आहे.

जर्मनीचा प्रवास अधिक वाकडातिकडा आहे. १ जानेवारी २००२पासून तिथे ठरलेला मोबदला कायद्याने मागता येऊ लागला. २०११ साली बॉन शहराने रस्त्यावर काम करणाऱ्या बायकांसाठी एक यंत्र बसवले: गाडी उभी करण्याच्या पावतीसारखी पावती त्यातून घ्यायची, रात्रीचे सहा युरो, मग त्या रात्री कमाई होवो अथवा न होवो. कर या कल्पनेचे इतके उघडेनागडे रूप आम्ही दुसरीकडे पाहिलेले नाही. उत्पन्न नसले तरी लागणारा कर हा उत्पन्नावरचा कर उरत नाही. तो रस्त्यावर उभे राहण्याचे भाडे होतो. पुढे जुलै २०१७पासून प्रत्येक व्यक्तीची नोंदणी सक्तीची झाली. अनेक संघटनांनी तिला विरोध केला, आणि १८६८ आठवले तर तो का केला हे कळते. पण त्या कायद्यात एक तरतूद अशी आहे, की तिच्यापाशी साहित्याच्या माणसाने थांबावे. नोंदणी करणाऱ्या व्यक्तीला खऱ्या नावाऐवजी घेतलेल्या नावाचे प्रमाणपत्र मिळू शकते. टोपणनावाचे सरकारी प्रमाणपत्र! कुसुमाग्रज, गोविंदाग्रज, बालकवी यांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्याला घेतलेले नाव म्हणजे खोटे नाव असे वाटत नाही. काही कामांसाठी माणसाला दुसरे नाव लागते, आणि ते नाव त्या कामापुरते खरे असते. एका सरकारी कार्यालयाला हे कळले, ही गोष्ट लहान नाही.

आपल्या देशातही या नावाच्या लढाईचा एक अध्याय घडलेला आहे. कोलकात्याच्या सोनागाछीतल्या बायकांनी सावकाराच्या व्याजातून सुटण्यासाठी स्वतःची सहकारी पतसंस्था काढायचे ठरवले. सहकार कायद्यात सभासदाच्या चांगल्या नैतिक चारित्र्याची अट आडवी आली. संस्थेच्या बायका सांगतात, की ‘गृहिणी’ म्हणून अर्ज करा, नोंदणी होऊन जाईल, असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. आम्ही जे काम करतो त्याच नावाने नोंदणी हवी, असा आग्रह त्यांनी धरला आणि १९९५ साली ‘उषा’ ही सहकारी संस्था नोंदली गेली. आमच्या टेबलावरचे ‘घरकाम’ आणि त्या कार्यालयातले ‘गृहिणी’ हे एकाच शब्दकोशातले शब्द आहेत. फरक इतकाच, की तिथे तो शब्द नाकारायला बायका संघटित होत्या आणि इथे एक मुलगी एकटी होती. महाराष्ट्रात सांगलीच्या बायकांनीही १९९६ साली आपल्या संघटनेला ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ असे नाव घेतले. ‘वेश्या’ हा शब्द आपण सभ्य लोक टाळतो. त्यांनी तो पाटीवर लावला. त्यांच्या बोलण्यात ‘धंदा’ हा शब्द सहज येतो. आपण त्याला शिवी समजतो, त्या तो व्यवसाय या मूळ अर्थानेच वापरतात.

येथे आपल्या विषयाचीही झाडाझडती घ्यायला हवी. साहित्याने या बाईला अश्रू दिले, सोन्याचे काळीज दिले, प्रतीकाचे मोठेपण दिले. हिशेबाची वही क्वचितच दिली. शूद्रकाच्या मृच्छकटिकाची सगळी गुंतागुंत दागिन्यांच्या एका ठेवीभोवती विणलेली आहे. ठेव कोणाची, कोणाकडे, चोरीला गेली तर भरपाई कोणी करायची, हे त्यातले प्रश्न व्यवहाराचे आहेत आणि वसंतसेना ते व्यवहार जाणणारी, मोठ्या वाड्याची धनीण आहे. वर्गात मात्र आम्ही तिला केवळ प्रेमिका म्हणून शिकवले. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्या वस्तीत रात्री फिरताना पडलेले प्रश्न विजय तेंडुलकरांनी प्रस्तावनेत प्रामाणिकपणे मांडले, आणि शब्दांचे अर्थ विचारत विचारत वाचक त्या कवितेपर्यंत गेला. तरी आमचे परीक्षेतले प्रश्न ‘विद्रोह’ आणि ‘प्रतिमा’ यांपलीकडे गेले नाहीत. खोलीचे भाडे किती, कोणाला, आणि पावती मिळते का, हे प्रश्न आम्हाला साहित्यबाह्य वाटले.

‘देहविक्रय’ हा आपला शब्दच पाहा. विक्री झाली की वस्तू विकणाऱ्याच्या हातून जाते. इथे काय जाते? संध्याकाळी ती बाई आपल्या त्याच देहानिशी मुलांचा अभ्यास घ्यायला बसते. करविषयक कायदे वस्तूची विक्री आणि सेवा यांत काटेकोर फरक करतात. त्यांच्या लेखी ही सेवा ठरेल. संवेदनशील साहित्यापेक्षा रुक्ष करकायद्याची भाषा येथे अधिक नेमकी असावी, हे आपल्याला थोडे लागले पाहिजे. ‘पोटासाठी शरीर विकते’ असे वाक्य आपण सहज लिहितो. पोटासाठी व्याख्याने विकणाऱ्यांविषयी तसे कोणी लिहीत नाही.

या भूमिकेला एक गंभीर विरोध आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. स्त्रीवादी चळवळीतच एक मोठा प्रवाह असे मानतो, की हा व्यवसाय मुळात हिंसा आहे. त्याला नोंद आणि कर देणे म्हणजे हिंसेला परवाना देणे. स्वीडनने १९९९पासून विकणाऱ्या बाईला नव्हे, तर विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवले ते याच विचाराने. फसवून आणलेल्या, विकल्या गेलेल्या, अल्पवयीन मुलींचा विचार केला की या प्रवाहाचे म्हणणे मनाला भिडते. त्या गुन्ह्यांना कोणत्याही नोंदवहीत जागा असू नये, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. पण आमचा प्रश्न त्याहून मर्यादित आहे. जी बाई सज्ञान आहे, स्वतंत्रपणे काम करते, आणि जिच्या कमाईचा आकडा शासनाचा कागद स्वीकारतो, तिला त्या आकड्यामागचे नाव लपवायला लावून तिची सुटका होत नाही. तिला फसवणाऱ्या घरमालकाची, पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाची, हप्ता मागणाऱ्याची मात्र सोय होते. ज्याची नोंद नाही त्याची तक्रारही नसते.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात जे निर्देश दिले, त्यांत आम्हाला वाट दिसते. या व्यवसायातल्या व्यक्तींना सन्मानाने जगण्याचा घटनादत्त अधिकार आहे हे न्यायालयाने सांगितलेच. त्याबरोबर एक छोटी, कारकुनी वाटावी अशी गोष्टही सांगितली: पत्त्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रण यंत्रणेतल्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर त्यांना आधार कार्ड द्यावे, आणि त्या नोंदणीत त्यांचा व्यवसाय ओळखू येईल असा कोणताही संकेतांक असू नये. नोंद माणसाची करायची, शिक्का मारायचा नाही. कौटिल्याच्या अध्यक्षाला आणि इंग्रजांच्या तिकीटवाल्याला जे सुचले नाही, ते या दोन वाक्यांत आहे.

आमचे म्हणणे त्यातूनच निघते. उत्पन्नाचा आकडा शासनाला हवा असेल, तर त्या उत्पन्नामागचा करार, खोलीचे भाडे आणि पैसे बुडाले तर तक्रार, हे सगळे शासनाने ऐकून घ्यावे. दोघींनी मिळून घेतलेली खोली कुंटणखाना ठरू नये. चौथ्या कलमाच्या शब्दांतून आश्रित आईवडील आणि शिकणारी सज्ञान मुले स्पष्टपणे वगळावीत. व्यवसायाचे नाव जिला अभिमानाने लिहायचे असेल तिला ते लिहिता यावे, आणि जिला लिहायचे नसेल तिला खोटे लिहावे लागू नये. पहिली तीन कामे संसदेची आहेत. चौथ्यातला काही भाग आपल्या हातात आहे.

पालकाचा व्यवसाय महाविद्यालयाला कशासाठी लागतो, असा प्रश्न आम्ही प्रवेश समितीच्या बैठकीत मांडला होता. फी-सवलतीसाठी उत्पन्न लागते, ते दाखल्यावर असते. जातीसाठी जातीचा दाखला असतो. व्यवसायाची माहिती कुठे वापरली जाते हे बैठकीत कोणालाच सांगता आले नाही. रकाना पूर्वीपासून आहे, एवढेच उत्तर मिळाले, आणि अर्ज छापून झाले असल्याने विषय पुढल्या वर्षावर गेला. पुढल्या वर्षीही अर्ज आधीच छापून झाले होते. आता अर्ज पडद्यावर भरतात आणि छपाईची सबब उरलेली नाही. रकाना तरी आहेच, आणि तो रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही. यंदाच्या बैठकीत आम्ही तो विषय पुन्हा घेणार आहोत. इतर महाविद्यालयांतल्या शिक्षकांनीही आपापला अर्ज एकदा काढून पाहावा, अशी विनंती आहे.